महाविनाशोत्तर व्हिडिओ गेम आणि स्लाव सांस्कृतिक परिवेश : 'स्टॉकर'च्या संदर्भात

महाविनाशोत्तर जगाचे चित्रण करणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये कीव्ह येथील जीएससी गेम वर्ल्ड या संस्थेच्या 'स्टॉकर : शॅडो ऑफ चेर्नोबिल' (२००७) या गेमचे आकर्षण कशात आहे, याचा विचार येथे केला आहे. 'फॉलआउट' (१९९७) हा अमेरिकन गेम कल्पित अणुयुद्धावर आधारलेला असून त्याचा सूर उपरोधाचा आहे. 'स्टॉकर'मधील प्रिप्यात हे शहर मात्र कल्पित नाही. २६ एप्रिल १९८६ च्या अणुदुर्घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी ते रिकामे करण्यात आले. निषिद्ध 'झोन'ची कल्पना त्याहून जुनी, स्त्रुगात्स्की बंधूंच्या १९७२ च्या कादंबरीतील आहे. साहित्यातील कल्पना आणि प्रत्यक्ष आपत्ती यांचा असा संयोग दुर्मीळ होय.

या जगातील बहुतेक माणसे जगाच्या उद्धारासाठी आलेली नाहीत. ती शेकोटीभोवती बसतात, गिटार वाजवितात, विनोद सांगतात. पाव, सॉसेज आणि व्होडका अशी त्यांची शिदोरी. उजाडपणातील ही ऊब हेच गेमचे खरे सामर्थ्य आहे.

तथापि या परिवेशाला सरसकट 'स्लाव' म्हणणे अपुरे ठरते. २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर दुसऱ्या भागाच्या नावात 'चोर्नोबिल' हे युक्रेनियन रूप आले आणि २०२४ मध्ये तो रशियन संवादध्वनीविना प्रकाशित झाला. भग्नावशेषांचे सौंदर्य दुरून एकजिनसी भासते. ज्यांची ती भूमी आहे, त्यांच्यासाठी तिचे नाव कोणत्या भाषेत उच्चारावे हा अस्तित्वाचा प्रश्न आहे. समीक्षेने हा भेद नजरेआड करू नये.