खोक्यातला कागद : एक रसग्रहण

औषधाच्या खोक्यातून निघणारा घडीचा कागद वाचायचा नसतो, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. टाइप बारीक, कागद पातळ, त्यात दुष्परिणामांची लांबलचक यादी. उगाच धसका घेण्यापेक्षा तो न उलगडलेलाच बरा. संधिवाताचं इंजेक्शन घरी स्वतःच्या हाताने टोचून घेणाऱ्याला मात्र हा नियम पाळून चालत नाही. अडॅलिमुमॅब हे औषध भरलेलं पेन ‘ह्युमिरा’ या नावाने विकलं जातं. त्याच्यासोबत वापराच्या सूचनांचा एक सचित्र कागद असतो. तो ओळ न् ओळ लावून वाचावा इतका चांगला लिहिलेला आहे. तो बोलतो कृतीबद्दल, पण त्याची जवळजवळ प्रत्येक ओळ वेदनेचा विचार करून लिहिलेली आहे. आणि वेदनेचं नाव तो क्वचितच घेतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमवातात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हा दाह भडकवणाऱ्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला अडॅलिमुमॅब पकडून ठेवतं. हे औषध स्वतःही एक मोठं प्रथिनच आहे. गोळी करून दिलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं ते पोटात पचून जाईल. म्हणून सुईला पर्याय नाही. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली 31 डिसेंबर 2002 रोजी. भारतात झायडस कंपनीने डिसेंबर 2014मध्ये ‘एक्झेम्प्टिया’ या नावाने त्याची जगातली पहिली प्रतिकृती बाजारात आणली. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाकाठी 26 सुया, आणि तेही वर्षानुवर्षं. एखाद्या वेळची सुई माणूस दात-ओठ खाऊन सोसतो, पण 26 सुयांना तेवढ्यावर भागत नाही, त्यांना पद्धत लागते. हा कागद ती पद्धत शिकवतो.

कागदाची सुरुवातच पाहण्याजोगी आहे. पहिलं महत्त्वाचं काम कोणतं, तर थांबणं. पेन फ्रिजमधून काढा आणि 15 ते 30 मिनिटं तसंच राहू द्या. तोवर टोपण काढू नका. गरम पाण्यात धरू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. कारण एकाचंही दिलेलं नाही, ते वाचकाने भरायचं. 2 ते 8 अंशांवरचं औषध दाटसर असतं, सुईतून ते जड जातं आणि कातडीखालच्या ऊबदार पेशींना त्याचा गारठा झोंबतो. घाईने तापवलं तर प्रथिनाची घडी उसवते आणि औषध निकामी होतं. म्हणजे या अर्ध्या तासात दुखणंही कमी होतं आणि औषधही शाबूत राहतं. इथे एक तळटीप आपल्याला जोडावी लागते. कागदाच्या मनातलं ‘खोलीचं तापमान’ हे थंड मुलखातल्या खोलीचं आहे. फ्रिजबाहेर पेन ठेवायचं तर 25 अंशांपर्यंतच आणि जास्तीत जास्त 14 दिवस, असं औषधाची माहिती सांगते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या घरात 25 अंश कुठून आणायचे? तिथे पेन सावलीत ठेवावं, घड्याळ लावावं आणि ठरलेला वेळ झाला की काम उरकावं.

यानंतर कागद बघायला लावतो. पेनाच्या खिडकीतून औषध पाहा : ते स्वच्छ, बिनरंगी हवं. गढूळ असेल, त्यात कण दिसले, तर वापरू नका. आणि लगेच पुढे, बुडबुडा दिसला तर त्यात काही वावगं नाही. हे वाक्य माझ्या फार आवडीचं आहे. सुईतून हवा गेली की माणूस दगावतो, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. तो धोका शिरेतून भरपूर हवा गेली तर असतो. इथे सुई शिरेत जातच नाही, कातडीखालच्या चरबीत जाते. तिथला लहानसा बुडबुडा निरुपद्रवी असतो. हे सगळं स्पष्टीकरण कागदाने अर्ध्या वाक्यात गुंडाळलं आहे. असा धीर तो आणखी दोन ठिकाणी देतो. टोपण काढताना सुईतून एखाद-दोन थेंब ओघळले तर चालतं. शेवटी टिपूसभर रक्त आलं तर चालतं. तिन्ही वाक्यं बरोबर त्या जागी आहेत जिथे नवख्याचा हात थबकतो. घाबरलेल्या माणसाचे स्नायू आवळले जातात आणि आवळलेल्या स्नायूवर सुई जास्त जाणवते. त्यामुळे ही धीराची वाक्यंही वेदना कमी करण्याच्याच कामी येतात.

मग येते जागा. मांडीचा पुढचा भाग किंवा पोट. पोटावर बेंबीभोवतीची 5 सेंटिमीटर जागा सोडायची. मागच्या वेळच्या जागेपासून निदान 3 सेंटिमीटर लांब जायचं. जिथे काळं-निळं पडलंय, लाल झालंय, कडक लागतंय, व्रण आहे, तिथे टोचायचं नाही. कपड्यावरून तर नाहीच. हा भाग सर्वांत कोरडा वाटतो, पण तो उपयोगाचा किती आहे हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळतं. सवयीची एकच जागा धरून बसलेल्याला तिथली कातडी निबर झालेली आढळते, सुई अडते आणि दुखतं. पोट की मांडी, याचा निकाल कागद देत नाही, आणि ते बरोबरच आहे. पोटावर चरबीचा थर जाड म्हणून कित्येकांना तिथे कमी दुखतं. बारीक मांड्या असणाऱ्यांना मांडीवर सुई स्नायूच्या जवळ गेल्यासारखी वाटते. काहींचा अनुभव याच्या अगदी उलट असतो. ज्याने त्याने आपलं अंग आजमावून ठरवावं.

स्पिरिटच्या बोळ्याला कागदाने थोडीच जागा दिली आहे. जागा पुसा, आणि इंजेक्शन होईपर्यंत पुन्हा हात लावू नका. मला मात्र इथे जरा रेंगाळावंसं वाटतं. आपल्या दवाखान्यांत बोळा फिरतो आणि त्याच क्षणी सुई घुसते. ओलं स्पिरिट सुईबरोबर कातडीत उतरतं आणि आग होते. ती आग आपण वर्षानुवर्षं सुईच्या नावावर मांडत आलो आहोत. पुसलेली जागा आपोआप कोरडी होऊ द्यायची. फुंकर घालायची नाही, कारण फुंकरीबरोबर तोंडातले जंतूही जातात. सगळा खटाटोप अर्ध्या मिनिटाचा, खर्च शून्य, आणि फरक पहिल्याच खेपेला कळतो.

आता गाभ्याचा प्रसंग. टोपणांवर 1 आणि 2 असे आकडे आहेत. पहिलं राखाडी, दुसरं जांभळट. दोन्ही सरळ ओढायची. कातडी चिमटीत धरून उंचवटा करायचा, पेन 90 अंशांत टेकवायचं, दाबून धरायचं, बटण दाबायचं. खट्‌कन आवाज होतो. तो सुरुवातीचा असतो, शेवटचा नव्हे. मग सावकाश दहा आकडे मोजायचे. खिडकीतली पिवळी खूण सरकायची थांबली की झालं. इथे वाक्यं आखूड होतात, एका वाक्यात एकच क्रिया उरते. ज्याच्या एका हातात कातडी आणि दुसऱ्या हातात पेन आहे, त्याला लांब वाक्य पेलत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

ही चिमूट वाटते तेवढी साधी नाही. तिने चरबी स्नायूपासून वर उचलली जाते, हे एक. दुसरं अधिक गंमतीचं आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965मध्ये मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक फाटक असतं, आणि स्पर्शाचे, दाबाचे संदेश तिथे गर्दी करून ते फाटक अर्धवट लोटतात. पडलेल्या पोराचा गुडघा आई चोळते ती याच न्यायाने. म्हणूनच काही जण टोचण्याआधी त्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर धरतात, काही जण शेजारच्या जागेवर बोटाने टिचक्या मारतात. बर्फ कातडीवर चालतो, औषधावर नाही.

दहा मोजण्यामागेही कारण आहे. औषध कातडीखाली शिरून जागा करायला वेळ घेतं. घाईने पेन उचललं तर थोडं औषध बाहेर ओघळतं आणि मात्रा अपुरी पडते. पेनात औषधाचा वेग आतली स्प्रिंग ठरवते, तो आपल्या हातात नसतो. भरलेल्या सिरिंजमध्ये असतो. तिथे 45 अंशांत सुई घालून दट्ट्या हळूहळू सरकवता येतो, आग वाटली तर क्षणभर थांबता येतं. ज्यांना पेनाचा धक्का सोसत नाही त्यांनी डॉक्टरांना सिरिंजबद्दल विचारावं. सुई समोर पाहणंच ज्यांना नको वाटतं, त्यांना पेन बरं.

सगळं झाल्यावर कागद बजावतो की जागा चोळू नका, कापूस नुसता दाबून धरा. हे आपल्या सवयीच्या थेट विरुद्ध आहे. इंजेक्शन झालं की खसाखसा चोळायचं, हे आपण लहानपणापासून शिकलो. इथे चोळल्याने काळं-निळं पडायची शक्यता वाढते. सुईला टोपण परत लावायचं नाही, पेन टणक डब्यात टाकायचं, आणि कागद संपतो.

पण कागदाला एक मर्यादा आहे. इंजेक्शनच्या वेदनेचे दोन अंक असतात. टोचण्याची कळ जलद मज्जातंतूंवरून येते आणि जाते. त्यामागून संथ तंतूंवरून जळजळ येते आणि ती रेंगाळते. वर सांगितलेली कारागिरी बव्हंशी पहिल्या अंकाची आहे. दुसरा अंक औषधाच्या घडणीत ठरतो, आणि त्याची गोष्ट घटकद्रव्यांच्या यादीत लपलेली असते. अडॅलिमुमॅबच्या मूळ रूपात 40 मिलिग्रॅम औषध 0.8 मिलिलिटर द्रवात असे. द्रवाची आम्लता स्थिर राहावी म्हणून त्यात सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचे क्षार, घातलेले असत. सायट्रेट कातडीखाली झोंबतं, हे किडनीच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या एपोएटिनच्या बाबतीत 1990च्या दशकातच दिसून आलं होतं. नव्या रूपाला अमेरिकेत नोव्हेंबर 2015मध्ये मान्यता मिळाली आणि 2018मध्ये ते तिथल्या बाजारात आलं. द्रव निम्मा, 0.4 मिलिलिटर. सायट्रेट वगळलेलं. सुईही 27 गेजऐवजी 29 गेजची. गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते : 27ची जाडी साधारण 0.41 मिलिमीटर, 29ची 0.34. जुनं आणि नवं अशी दोन्ही रूपं त्याच रुग्णांना आलटून पालटून देऊन पाहिली, तेव्हा टोचल्यानंतर लगेचची वेदना नव्या रूपात बरीच कमी निघाली. म्हणून खोक्यावरची ‘निष्क्रिय’ घटकांची यादी वाचावी. सोडियम सायट्रेट किंवा सायट्रिक ॲसिड दिसलं आणि जळजळ सोसत नसेल, तर त्याच औषधाचं सायट्रेट नसलेलं रूप मिळतं का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच कशाला?

दुसरी उणीव मला जास्त खटकते. चित्रांतला हात निरोगी आहे. आमवाताच्या माणसाची बोटं सकाळी आखडलेली असतात. टोपण ओढणं, चिमूट धरणं, बटण दाबून ठेवणं, यात त्याला सुईपेक्षा जास्त दुखू शकतं. चित्रात त्या हाताला जागा नाही. ती जागा एका दुसऱ्या औषधाने दिली. युसीबी कंपनीच्या सर्टोलिझुमॅबची 2009मध्ये आलेली सिरिंज स्वयंपाकघरातली अवजारं बनवणाऱ्या ‘ऑक्सो’च्या मदतीने घडवलेली आहे. बोटं अडकवायला मोठी कडी, अंगठ्याला रुंद टेकू. ‘ऑक्सो’ची जाड मुठीची सोलाणी 1990मध्ये निघाली तीच मुळी संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीच्या सांधेदुखीतून. ज्यांच्या पेनात ही सोय नाही त्यांनी सकाळचा हट्ट सोडावा आणि बोटं मोकळी झाल्यावर, दुपारी किंवा संध्याकाळी इंजेक्शन घ्यावं.

आणि ज्यांच्या नशिबी हा कागदच नाही ते? आपल्याकडे पुष्कळ रुग्ण मेथोट्रेक्सेट घेतात. आठवड्यातून एकदाच, कुपीतून ओढून, अनेकदा इन्सुलिनच्या सिरिंजने. सिरिंजवरच्या रेघा युनिटच्या, डॉक्टर सांगणार मिलिग्रॅम. त्यातही 40च्या आणि 100च्या अशा दोन प्रकारच्या सिरिंज दुकानात मिळतात, आणि एकाच आकड्याला दोन्हींत वेगवेगळा द्रव येतो. इथे चूक झाली तर प्रश्न दुखण्यापुरता राहत नाही, थेट मात्रेचा होतो. किती रेघेपर्यंत भरायचं, हे सिरिंज हातात धरून दवाखान्यात दाखवून घ्यावं.

एक संहिता म्हणून हा कागद मला उत्तम वाटतो. शब्द मोजके, क्रम अचूक, धीर देण्याची जागा नेमकी. कारणं मात्र तो हातची राखतो. कारण कळलं की माणूस सूचना विसरत नाही, म्हणून ती सांगायला हवीत. शिवाय आपल्या नियमांप्रमाणे औषधासोबतची माहिती इंग्रजीत असते, म्हणजे ज्या आजीबाईंना ती सर्वांत जास्त लागते त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही. कंपन्यांनी आणि संधिवाततज्ज्ञांनी मिळून कारणांसकट, चित्रांसकट एक पानभर मराठी मजकूर रुग्णाच्या हातात ठेवावा. त्याला फार खर्च येणार नाही. तोवर वाचकांना एवढंच सांगणं : पहिली एक-दोन इंजेक्शनं नर्सच्या देखरेखीखाली स्वतः घ्या, ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा, आणि दुखतं म्हणून गुपचूप मात्रा चुकवू नका. दुखतं हे सांगा, त्यावर उपाय आहेत.