सूर्याचे वार्धक्य आणि पृथ्वीची कक्षा

सूर्य वृद्धावस्थेत फुगून पृथ्वीस गिळंकृत करील, हे विधान इतके रूढ झाले आहे की त्यामागील गणिताची चिकित्सा क्वचितच होते. सूर्य फुगतो तसा तो झिजतोही. सांप्रत तो प्रकाशरूपाने दर सेकंदास सुमारे ४० लक्ष टन वस्तुमान गमावतो. सौरवाताने होणारा क्षय यात मिळविला, तरी पृथ्वीची कक्षा वर्षास जेमतेम एक-दीड सेंटिमीटर रुंदावते. तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या अवस्थेत मात्र हा क्षय प्रचंड होतो. आणि तो संथपणे घडत असल्यास, वस्तुमान ज्या प्रमाणात घटते त्याच प्रमाणात कक्षेची त्रिज्या वाढते.

सॅकमन, बूथरॉइड व क्रेमर यांच्या १९९३ मधील निबंधाची भिस्त याच नियमावर आहे. आजची सूर्य-पृथ्वी अंतराची सरासरी १ मानली, तर सूर्याची त्रिज्या कमाल ०.९९ होईल तेव्हा पृथ्वी १.६९ वर गेलेली असेल. अर्थात ती वाचेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

श्रोडर व स्मिथ यांनी २००८ मध्ये याच्या उलट निर्णय दिला. त्यांच्या मते सूर्याची त्रिज्या सुमारे १.२ होईल व वस्तुमान आजच्या ०.६६८ पट उरेल. केवळ वरील नियम लावल्यास पृथ्वी १.५ अंतरावर, म्हणजे सुरक्षितच, असावयास हवी. परंतु फुगलेला सूर्य स्वतःभोवती अत्यंत मंद फिरतो. त्यामुळे पृथ्वीने त्याच्या पृष्ठावर उठविलेला भरतीचा फुगवटा तिच्या मागे पडतो, तिला मागे खेचतो आणि तिची कक्षा आकुंचित करतो. पृथ्वीचा घात सूर्याच्या आकारापेक्षा या भरतीनेच होतो, हे दाखविणे हे या निबंधाचे खरे श्रेय होय.

तथापि त्याच्या निर्णयाची निश्चितता तपासून घेतली पाहिजे. वस्तुमानक्षयाचे सूत्र इतर राक्षसी ताऱ्यांच्या वेधांशी जुळवून घेतलेले आहे. भरतीचे घर्षण ताऱ्याच्या बाह्य थरांतील अभिसरणाच्या उपपत्तीवर अवलंबून आहे. वाचण्यासाठी ग्रहाची आजची कक्षा निदान १.१५ असावी, असे हेच लेखक सांगतात. म्हणजे जीवन-मरणातील अंतर अवघे १५ टक्क्यांचे. अशा स्थितीत ७५९ कोटी वर्षांनंतरचा मुहूर्त देणे हे गणिताच्या आधारांहून अधिक काटेकोर वाटते.

सागर तर त्यापूर्वीच, सुमारे १०० कोटी वर्षांत, वाढत्या सूर्यतेजाने आटू लागतील. म्हणून हा प्रश्न जीवसृष्टीच्या भवितव्याचा नसून कक्षागणिताच्या कसोटीचा आहे. क्षय कक्षा रुंदावतो व भरती ती आवळते. या दोहोंचे माप अधिक अचूक होईपर्यंत पाठ्यपुस्तकांनी आपले विधान सोपाधिक ठेवणेच शास्त्रीय ठरेल.