लायन्सकृत युनिक्स-भाष्य

ज्या ग्रंथाविषयीं आज लिहावयाचें आहे तो वाङ्मयाच्या कोणत्याहि रूढ सदरांत बसणारा नाहीं. तो काव्य नव्हे, इतिहास नव्हे, आणि पाठ्यपुस्तक म्हणावें तर तेंहि पुरतें खरें नव्हे. संगणकास दिलेल्या आज्ञांच्या एका संहितेवर ओळीमागून ओळ चालणारी ती टीका आहे. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनीं १९७६ सालीं आपल्या विद्यार्थ्यांकरितां ती रचिली. मूळ संहिता केन टॉम्सन व डेनिस रिची यांच्या युनिक्सची, सहाव्या आवृत्तीची. तिच्या ओळी सुमारें नऊ हजार. ज्या भाषेच्या वाङ्मयाचा पाया सातशें वर्षांपूर्वीं एका टीकेनेंच घातला, त्या भाषेच्या वाचकास टीकाग्रंथ हा दुय्यम प्रतीचा वाटण्याचें कारण नाहीं.

हें भाष्य आम्हीं पुन्हा हातीं घेतलें त्याचें निमित्त आमच्या उंद्रीसच घडलें. चिखली तालुक्यांतील आमच्या या गांवीं गेल्या दिवाळींत शेजारचा एक मुलगा सुटीस आला होता. तो एम. टेक. च्या पहिल्या वर्षांत शिकतो. ‘ॲडव्हान्स्ड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ हा त्याचा विषय. ओट्यावर बसून तो मोबाइलवर कांहीं टिपणें घोकीत होता. आम्हीं डोकावून पाहिलें, तों प्रश्नास उत्तर, उत्तरास पांच मुद्दे, आणि मुद्द्यांखालीं एक आकृति. “मूळ कर्नलची एखादी फाइल तरी वाचलीस का रे?” असें आम्हीं विचारलें. “नाहीं काका,” तो म्हणाला, “तें परीक्षेंत येत नाहीं.” हें उत्तर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, पुढें त्याचें काम पडणार आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हें आमच्या भागांत समजावून सांगणें फारसें कठीण नाहीं. कृषिपंपांस पाळीपाळीनें वीज मिळण्याचा अनुभव ज्यानें घेतला आहे त्यास ‘शेड्यूलिंग’ ही काय वस्तु आहे हें उपजतच कळतें. प्रोसेसर मोजके, मागणारे कार्यक्रम शेंकडों. प्रत्येकास वाटावें कीं यंत्र आपलेंच आहे, आणि कोणी कोणाच्या शिवारांत तर शिरूं नये, ही व्यवस्था जो कारभारी लावतो तो कर्नल. तत्त्व एवढेंच. पण तत्त्व कळणें निराळें आणि कारभाऱ्याची वही उघडून ती ओळीनें वाचणें निराळें. पदवीच्या वर्गांत पहिलें पुरतें. पदव्युत्तर वर्गांत दुसरें घडलें नाहीं तर तो वर्ग पदवीचीच पुनरावृत्ति होतो.

पाठ्यपुस्तकांची आपल्याकडे वाण आहे असेंहि नाहीं. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें दीर्घकाळ अध्यापन केलेले प्रा. धनंजय ढमढेरे यांचीं या विषयावरील इंग्रजी पुस्तकें देशभर वाचलीं गेलीं. त्यांची मांडणी संकल्पनेकडून पद्धतीकडे अशी नेटकी जाते, आणि कोणती गोष्ट कां करावयाची हें सांगितल्यावांचून लेखक पुढें सरकत नाहीं. परंतु पाठ्यपुस्तक कितीहि चांगलें असो, अडचण आधीं सोडवून मग ती दाखविणें हा त्याचा धर्मच आहे. वाचकास स्वतः अडखळण्याची संधि तें देत नाहीं. आणि त्याहि पुस्तकाचीं टिपणें, व टिपणांचीं टिपणें, हातीं आलीं म्हणजे काय उरतें तें आम्हीं ओट्यावर पाहिलें.

लायन्स यांची रीत नेमकी उलट आहे. त्यांनीं दोन वह्या केल्या: एकींत केवळ मूळ संहिता, दुसरींत केवळ भाष्य. मूळाच्या प्रत्येक ओळीस त्यांनीं क्रमांक दिला, आणि फाइलींची पुनर्रचना करून पांच भाग पाडले. भाष्य नुसतें वाचूं गेल्यास त्यांतून कांहींच हातीं लागत नाहीं. दोन्ही वह्या शेजारीं उघड्या ठेवाव्याच लागतात. ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते. टीकाकार येथें मूळाच्या आड उभा राहत नाहीं. वाचकाचें बोट धरून त्या त्या ओळीवर नेऊन ठेवतो, दोन शब्द बोलतो आणि बाजूस होतो. मूळ जेथें सैल आहे तेथें तसें म्हणण्यास तो कचरतहि नाहीं.

या संहितेंतील २२३८ वी ओळ संगणकशास्त्राच्या जगांत कीर्ति पावली आहे. ती आज्ञा नसून मूळ लेखकांची एक टीप आहे. पुढील भाग वाचकास समजावा अशी अपेक्षा नाहीं, अशा अर्थाची! प्रसंग असा आहे. एका प्रोसेसचें काम थांबवून दुसरीचें सुरू करावयाचें, तर पहिलीच्या रजिस्टरांतील आंकडे व स्टॅकचें ठिकाण नोंदून ठेवावें लागतें, आणि दुसरीची जुनी नोंद यंत्रांत भरावी लागते. म्हणजे फंक्शन बोलावतें एक प्रोसेस, आणि तें परततें दुसरीकडे. त्यांतहि जी प्रोसेस मध्यंतरीं डिस्कवर हलविली गेली होती तिच्या बाबतींत परतणें घडतें तें चालू फंक्शनांतून नव्हे, तर ज्या भलत्याच फंक्शनानें शेवटची नोंद केली होती त्यांतून. टीप आहे ती नेमकी येथें.

या टिपेस पुष्कळांनीं गर्वोक्ति मानलें. रिची यांनीं पुढें जो खुलासा केला तो मोठा मौजेचा आहे. ‘हें परीक्षेंत येणार नाहीं’ एवढ्याच भावनेनें आपण तें लिहिलें होतें, वाचकास आव्हान म्हणून नव्हे, असें त्यांनीं सांगितलें. इतकेंच नव्हे, तर खरी गोष्ट अशी होती कीं त्या जागीं काय घडतें हें आपणां लेखकांसच उमगलें नव्हतें, अशीहि कबुली दिली. ज्यानें नोंद केली त्याच्याऐवजीं दुसऱ्याच फंक्शनांतून परतणें ही युक्ति मुळांतच सदोष होती. पीडीपी-११ या यंत्रावरचा कंपाइलर प्रत्येक फंक्शनांत नोंद एकाच ठशानें करी, म्हणून ती निभावली. युनिक्स इंटरडेटाच्या यंत्रावर नेऊं लागतांच तेथील कंपाइलरची रीत निराळी निघाली आणि दोष उघडा पडला.

उंद्रीच्या ओट्यावर आम्हीं ऐकलेलें वाक्य आणि रिची यांचा खुलासा शब्दशः जुळतो. पण दोहोंत केवढें अंतर! एकानें तेथें वाचन थांबविलें, आणि दुसऱ्यास आपली चूक तेथेंच सांपडली. ज्या विद्यार्थ्यानें ती ओळ कधीं पाहिली नाहीं त्यास ‘कॉन्टेक्स्ट स्विच’ ची व्याख्या मुखोद्गत असेल; पण ती व्याख्या एका कंपाइलरच्या मर्जीवर कशी उभी असूं शकते हें त्याच्या स्वप्नांतहि येणार नाहीं.

या ग्रंथाचें पुढें जें झालें तें वऱ्हाडांतील वाचकांस ओळखीचें वाटेल. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीच्या कुलपांत राहून हस्तलिखितांच्या वाटेनें टिकले, तसा हा ग्रंथ परवान्याच्या कुलपांत गेला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानें युनिक्सची संहिता वर्गांत शिकविण्यास मनाई केली. तेव्हां विद्यार्थी प्रतीच्या प्रती काढून त्या हातोहात पोंचवूं लागले. धुरकट, वाकड्या, कांहीं पानें न लागणाऱ्या. ग्रंथ उघडपणें छापला गेला तो १९९६ सालीं. लायन्स १९९८ मध्यें वारले. दरम्यान ॲम्स्टरडॅमच्या टॅनेनबाम यांनीं या मनाईवर उतारा म्हणून १९८७ सालीं मिनिक्स ही स्वतःचीच संहिता शिकविण्याकरितां लिहिली, आणि एमआयटीच्या अध्यापकांनीं २००६ मध्यें सहाव्या आवृत्तीचा नवा अवतार ‘एक्सव्ही६’ या नांवानें रचून त्यास लायन्स यांच्या वळणाचें भाष्य जोडलें. तें आज कोणासहि विनामूल्य मिळतें, उंद्रीसहि.

दोष सांगावयाचे तर लायन्स यांच्या ग्रंथांत ते आहेत. पीडीपी-११ जाणल्यावांचून अर्धें भाष्य लागत नाहीं, आणि तें यंत्र आतां पदार्थसंग्रहालयांतच पाहावें. अनेक प्रोसेसरांचा प्रश्न, जाळें, पानापानानें स्मृति हलविण्याची पद्धति यांचा त्यांत मागमूस नाहीं. केवळ त्यावर विसंबून आजचा ‘ॲडव्हान्स्ड’ अभ्यास होईल असें आम्ही म्हणत नाहीं. तरी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २००९ सालीं त्याच सिडनी शहरांत, न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्याच परिसरांत वाढलेल्या संशोधकांनीं ‘एसईएल४’ या कर्नलच्या सी भाषेंतील सुमारें ८,७०० ओळी त्यांच्या विनिर्देशाबरहुकूम चालतात हें गणिती पद्धतीनें सिद्ध केलें. त्या सिद्धतेस दोन लक्षांच्या घरांत ओळी लागल्या. जवळजवळ तेवढ्याच मूळ ओळी, आणि भाष्य वीसपटींहून अधिक! लिनक्सच्या कोट्यवधि ओळींवर असें भाष्य कोण लिहिणार, हा प्रश्न या विषयाच्या उच्च अभ्यासांत अजून मोकळाच आहे.

मराठींत असें भाष्य आमच्या पाहण्यांत नाहीं. लिहिणारानें ‘प्रोसेस’ व ‘स्टॅक’ यांस संस्कृत शब्द शोधण्यांत वर्ष घालवूं नये. एक्सव्ही६ शेजारीं उघडें ठेवून सरळ पहिल्या ओळीपासून आरंभ करावा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं त्या मुलास आम्हीं एक्सव्ही६ मधील तीच जागा काढून दाखविली. चौदा रजिस्टरें नोंदावयाचीं, चौदा उचलावयाचीं, आणि शेवटीं एक ‘रेट’. त्यानें ती दोनदां वाचली, मग कागद मागून स्टॅकचीं दोन चित्रें काढलीं. “काका, हें ‘रेट’ जातं कुठं मग? बोलावलं तर यानं होतं ना?” असें म्हणून तो पुन्हा वरून वाचूं लागला. टिपणें त्या दिवशीं पुढें सरकलीं नाहींत.