क्रॉसरोड्सचे दार

मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ साली ‘क्रॉसरोड्स’ मॉल उघडला, तेव्हा सरकता जिना पाहायलाच झुंबड उडाली. मग दारावर अट आली : मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरा. ओरड झाल्यावर ती काढावी लागली. पुढे हाच मॉल ‘सोबो सेंट्रल’ झाला. गाळे ओस पडले. दोष ऑनलाइन खरेदीला दिला जातो. पण लोअर परळच्या ‘फिनिक्स’मध्ये गर्दी टिकलीच ना? तो कितीतरी मोठा, हे मान्य. तरी आजचा हिंडणारा उद्याचे गिऱ्हाईक असतो, हे मंडईतला भाजीवालाही जाणतो. क्रॉसरोड्सने त्यालाच अडवले. २०२४मध्ये के. रहेजा कॉर्पने ही वास्तू ४७६ कोटींना घेतली. पुनर्विकासाच्या हिशेबात चटईक्षेत्र येईलच; रस्त्यावरून सहज आत शिरणारा माणूस कुठे धरणार?