साध्या मंगळवारची छायाचित्रं

जालना जिल्ह्यात बाहेरचे कॅमेरे येतात ते काहीतरी बिघडल्यावर. २०१२-१३च्या दुष्काळात ते आले आणि भेगाळलेली जमीन, जळालेल्या मोसंबीच्या बागा, टँकरभोवतीच्या घागरी टिपून गेले. सप्टेंबर २०२३मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, तेव्हा पुन्हा आले. ती छायाचित्रं खोटी नव्हती. पण मधल्या दहा वर्षांत इथल्या रस्त्यांवर रोज काय चाललं होतं, हे त्यांतून कळत नाही.

ते रोजचं टिपण्याचं काम गावातल्या छायाचित्रकारांचं. लग्नसराईवर चालणारे स्टुडिओ आहेत, खिशाखिशात मोबाइल आहेत. हातात वेगही आहे. वरमाला पडतानाचा क्षण ज्याला चुकत नाही, त्याला चौकातला क्षण जड जाऊ नये. अडतं दोन ठिकाणी : एकाच जागी पुन्हापुन्हा जाण्यात, आणि काढलेलं दाखवून चार खडे बोल ऐकून घेण्यात.

धुळवडीला जालन्यात हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते, अंगारकीला राजूरच्या गणपतीला गर्दी लोटते. त्या दिवशी झाडून सगळे कॅमेरे बाहेर पडतात. सणच इतका देखणा असतो की छायाचित्रकाराच्या नजरेला फारसं काम उरत नाही. तिची कसोटी लागते साध्या मंगळवारी, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात. सुरुवातीला लोक विचारतात, 'कोणत्या पेपरचे तुम्ही?' काही आठवड्यांनी विचारेनासे होतात. मग लक्षात येऊ लागतं की ऊन शेडच्या कडेला किती वाजता टेकतं, पोतं उतरवल्यावर हमाल पाठ कुठे टेकवतो, भावावरून बोलणं फिसकटलं की अडत्याचा हात कसा उडतो. यानंतरचं छायाचित्र निव्वळ नशिबावर राहत नाही. ते कुठे घडेल याचा अंदाज बांधून थांबता येतं.

मूळचे अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं जात राहिले; संदेश भांडारे तमाशाच्या फडांबरोबर फिरले. काटेकोर अर्थाने हे स्ट्रीट फोटोग्राफर नव्हेत, पण त्यांच्या कामातली जवळीक एका फेरीत कमावता येत नाही, एवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं.

समीक्षेची अवस्था मात्र सरावाहून बिकट आहे. कवितेवर, नाटकावर तासन्‌तास वाद घालणारे आपण छायाचित्रापुढे 'क्लासच भाऊ' म्हणून मोकळे होतो. दुसऱ्या टोकाला स्पर्धांचे परीक्षक असतात. त्यांची पट्टी क्षितिज वाकडं आहे का, चौकटीचे तीन भाग नीट पडलेत का, इथवरच पोचते.

मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरात निघेल असं एक छायाचित्र घ्या. पाठीवर पोतं घेतलेला हमाल, मागे फ्लेक्सवर हसणारा पुढारी, आणि सगळं कृष्णधवल. लगेच दाद मिळते. पण विचारायला हवं : हमालाचा चेहरा पोत्याआड गेला आहे, मग हा माणूस कोण? की पुढाऱ्याची टर उडवण्यापुरताच तो चौकटीत आहे? रंग का काढले? फ्लेक्सचा भडकपणा हाच तर या रस्त्याचा आजचा चेहरा. आणि कडेला अर्धा कापला गेलेला रसवंतीवाला हमालाकडे टक लावून बघतो आहे. दोन पावलं मागे सरकलं असतं तर खरी गोष्ट तिथेच नसती का सापडली? अशी टीका झोंबते, पण उद्या मोंढ्यात कुठे उभं राहायचं तेही सांगते. निव्वळ दोष काढणाऱ्या टीकेला ते जमत नाही.

न्यूयॉर्कचा छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड काढलेली फिल्म मुद्दाम उशिरा धुवायचा. टिपतानाचा आनंद छायाचित्राच्या गुणात मिसळू नये, म्हणून. मात्र १९८४मध्ये तो गेला तेव्हा न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल मागे राहिले होते. सराव अफाट आणि निवड मागे पडलेली, अशी ती अवस्था. मोबाइलने आज ती आपल्या सगळ्यांवर आणली आहे.

उपायाला पैसा लागत नाही. महिन्यातून एकदा स्टुडिओ बंद झाल्यावर पाच-सहा जणांनी जमावं. प्रत्येकाने एकाच ठिकाणची दहा छायाचित्रं छापून, नाव न लिहिता मांडावीत. काढणाऱ्याने आधी गप्प बसावं. इतरांनी काय दिसतं ते सांगावं, मग काय खुपतं ते. शेवटी दहातली सात कोणती काढून टाकायची, ते ठरवावं. कौतुकापेक्षा ही छाटणी जास्त शिकवते.

आणि एक प्रत मोंढ्यात न्यावी. ज्याचा चेहरा आपण न विचारता उचलला, त्याचा त्या छायाचित्रावर पहिला हक्क आहे. तो म्हणाला, 'आम्ही काय असे बिचारे दिसतो का?', तर ते मत कुठल्याही परीक्षकाच्या गुणांपेक्षा वजनदार मानावं. नुसतं 'छान आलाय' म्हणाला, तर मात्र त्यालाही विचारावं : यात तुमच्या रोजच्यातलं काय राहून गेलं?