काशीतले नीळकंठशास्त्री गोरे : श्रद्धा, चर्च आणि छापखाना



‘चर्च आणि राजकारण’ हा विषय अभ्यासाला आला की आपल्यापुढे युरोप उभा राहतो : पोप, राजे, धर्मयुद्धे. पण राज्यकर्त्यांच्या आश्रयाने आलेले चर्च आणि एका माणसाची खाजगी श्रद्धा यांचे नाते तपासायला तुम्हांला इतके लांब जावे लागत नाही. वाराणसीत वाढलेल्या एका मराठी शास्त्र्याने वीस वर्षांच्या आत परस्परविरोधी भूमिकांचे दोन ग्रंथ लिहिले. प्रस्तुत टिपणात आपण ते शेजारी ठेवून वाचणार आहोत.

1. पार्श्वभूमी

नीळकंठ गोरे यांचा जन्म 1825 साली बुंदेलखंडातल्या चित्पावन कुटुंबात झाला आणि शिक्षण काशीत. काशीत मराठी ब्राह्मणांची वस्ती जुनी. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात तिच्या खुणा आजही आहेत. याच शहरात कंपनी सरकारने 1791 साली संस्कृत कॉलेज काढले होते. 1813 च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखात येण्याची वाट मोकळी झाली. त्याच कायद्याने कलकत्त्यासाठी बिशप नेमण्याची तरतूद केली आणि त्याचा पगार हिंदुस्थानच्या महसुलातून देण्याचे ठरले. म्हणजे अँग्लिकन चर्च इथे आले तेव्हा ते सरकारी खर्चाच्या वहीत नोंदलेले होते. ही गोष्ट पुढच्या वाचनात विसरू नका.

2. पहिला ग्रंथ : शास्त्रतत्त्वविनिर्णय

जॉन म्यूर हे कंपनीचे मुलकी अधिकारी. त्यांनी 1839 साली ‘मतपरीक्षा’ हे ख्रिस्ती मताचे समर्थन करणारे पुस्तक संस्कृतात लिहिले. त्याला उत्तर देणाऱ्यांत तरुण नीळकंठशास्त्री होते. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ 1844–45 मधला आहे.

त्यातला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. शास्त्रावर श्रद्धा आधी आणि तर्क मागून, असे ते म्हणतात. निव्वळ तर्काने धर्मग्रंथ तपासायचे ठरवले, तर पुराणांत दिसणारे दोष बायबलातही दिसतील. पूर्वजन्म नसेल तर नवजात बालकाने दुःख का भोगावे? मर्यादित पापाला अनंत नरक ही दयाळू ईश्वराची शिक्षा कशी? शिवाय हे सारे प्रश्न सत्ताधारी वर्गातल्या माणसाला विचारलेले आहेत, आणि तरीही भाषेत लाचारी नाही.

3. दुसरा ग्रंथ : षड्दर्शनदर्पण

याच सुमारास मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालायला गोरे जाऊ लागले. वाद जिंकायला गेलेला माणूस हळूहळू स्वतःशीच वाद घालू लागला. 14 मार्च 1848 रोजी जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवे नाव नेहेम्या. 1860 साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ आला.

इथे तर्क मागे चालत नाही, पुढे चालतो. सांख्य, न्याय, वेदान्त यांची परीक्षा आतून, त्यांच्याच परिभाषेत केलेली आहे. वेदान्तावरचा भाग सर्वांत विस्तृत. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा तीन सत्ता मानण्यातली अडचण गोरे नेमकी पकडतात : बंध मिथ्या असेल तर मोक्ष कशापासून? हा प्रश्न बाहेरच्या निंदकाचा नाही. काशीच्या पाठशाळेत घडलेल्या पंडिताचा आहे.

मात्र एक उणीव तुमच्या लक्षात यावी. सहा दर्शनांना लावलेली कसोटी बायबलला तितक्याच कठोरपणे लावलेली दिसत नाही. पहिल्या ग्रंथात त्यांनीच सांगितले होते की तर्काची सुरी दोन्हीकडे चालते. दुसऱ्या ग्रंथात ती एकाच बाजूला चालते.

4. दोन ग्रंथांचे नशीब

आता चर्चचा वाटा कुठे दिसतो ते पाहा. ‘षड्दर्शनदर्पण’चे इंग्रजी भाषांतर दोनच वर्षांत, 1862 साली कलकत्त्याला निघाले. ते केले फिट्झएडवर्ड हॉल यांनी; हे अमेरिकन संस्कृतज्ञ बनारसच्या सरकारी कॉलेजात शिकवून गेलेले. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ मात्र हस्तलिखितातच राहिला. तो संपादित होऊन छापला गेला 1951 साली, उज्जैनहून. लेखक एकच, बुद्धी तीच; पण एका ग्रंथाला छापखाना, भाषांतरकार आणि परदेशी वाचक मिळाला, दुसऱ्याला शंभर वर्षे वाट पाहावी लागली.

माझे म्हणणे एवढेच आहे : सत्तेच्या आधाराने उभ्या असलेल्या चर्चने गोऱ्यांची श्रद्धा निर्माण केली असे या ग्रंथांवरून म्हणता येत नाही. पण त्यांची कोणती श्रद्धा जगाला ऐकू जाईल, हे ठरवण्यात त्या व्यवस्थेचा मोठा हात होता.

5. चर्चच्या आत

‘गोरे मिशनऱ्यांचे हत्यार झाले’ आणि ‘गोऱ्यांना केवळ अंतरीची हाक आली’ ही दोन्ही वाचने सोपी आहेत, म्हणून अपुरी आहेत. हत्यार शंका घेत नाही. गोऱ्यांना शंकांनी आयुष्यभर सोडले नाही. मिशनच्या प्रॉटेस्टंट वळणाने त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून ते कॅथलिक परंपरेला जवळच्या अँग्लिकन गटाकडे सरकले. कावली फादर्स या संन्यासी संघातही ते दाखल झाले, पण अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. 1895 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

उलट, अंतरीची हाकही मोकळ्या मैदानात येत नाही. धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क वाचवणारा कायदा कंपनी सरकारने 1850 साली केला. म्हणजे श्रद्धेचा प्रश्न घर, जात आणि मालमत्तेच्या प्रश्नात कधीच मिसळला होता.

या संदर्भात पंडिता रमाबाईंचे उदाहरण जोडून पाहा. गोऱ्यांच्या लेखनाचा त्यांच्यावर परिणाम झाला आणि 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या बजावतात की ख्रिस्त स्वीकारला म्हणजे बिशपांचा प्रत्येक हुकूम स्वीकारला असे नव्हे. गोऱ्यांनी चर्चमध्ये राहून शंका वागवली. रमाबाईंनी ती चर्चला तोंडावर विचारली.

6. समारोप

भारतातल्या अँग्लिकन चर्चचे इंग्लंडशी असलेले कायद्याचे बंधन 1930 साली सुटले. पण धर्मांतर आले की ‘आमिष की साक्षात्कार’ एवढेच विचारायची आपली सवय सुटलेली नाही. यापुढे असा मजकूर वाचताना तिसरा प्रश्नही विचारा : या माणसाचे कोणते म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचू दिले गेले, आणि कोणते कपाटात राहिले?

विचारासाठी प्रश्न

(अ) श्रद्धा आधी की तर्क आधी, याबाबत गोऱ्यांच्या दोन ग्रंथांतील भूमिकांची तुलना करा.
(आ) तुमच्या भाषेतील अशा एखाद्या लेखकाचे उदाहरण घ्या, ज्याची एक बाजू छापली गेली आणि दुसरी मागे राहिली. कारणे शोधा.