'नंतर कळवतो' म्हणणाऱ्या मुली

कांदेपोह्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. आता त्यातून मुलगा वजा करा, पोहेही वजा करा. बघायला आलेल्याही मुलीच, आणि दाखवून घेणाऱ्याही मुलीच. एका घरात ठरावीक मिनिटं गोड बोलायचं, मग पुढच्या घरात जायचं. संध्याकाळी दोन्ही बाजूंनी पसंती नोंदवायची आणि सकाळी 'कळवतो'चं उत्तर यायची वाट बघायची. असं सलग आठवडाभर. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात दर ऑगस्टला दोन हजारांहून जास्त नव्या मुली हे करतात. याला म्हणतात रश. शेवटी ज्या सोरॉरिटीचं बोलावणं येतं, तिथल्या मुली पुढची चार वर्षं तुमच्या 'बहिणी'.

2021च्या ऑगस्टमध्ये या मुलींचे टिकटॉक व्हिडिओ जगभर गेले. टिकटॉकवर आपल्याकडे 2020पासून बंदी आहे, तरी इन्स्टावरून ते इथेही पोहोचलेच. आरशासमोर उभी राहून मुलगी सांगते, ड्रेस अमुक ब्रँडचा, बूट तमुकचे, कानातलं आईचं. 2023मध्ये दिग्दर्शिका रेचल फ्लाइटने यावरच 'बामा रश' हा माहितीपट आणला. रशची तयारी करणाऱ्या चार मुलींच्या मागे तो जातो. तो पाहून मला जे खटकलं, ते मांडतो आहे. कारण ती चूक आपणही कॉलेजच्या ग्रुपांबद्दल बोलताना सतत करतो.

फिल्मचा प्रश्न आहे : या मुलींना आत का जायचंय? उत्तरं मनापासून येतात. एकटेपणा, शरीराची लाज, घरातल्या जखमा. फ्लाइट स्वतःचीही गोष्ट त्यात आणते. अलोपेशियामुळे तिला केस नाहीत, आणि टक्कल लपवायला ती बरीच वर्षं विग घालायची. आपलंसं व्हायचं म्हणून मीही लपवलं, तुम्हीही लपवताय, असं ती या मुलींना सांगते. हा भाग प्रामाणिक आहे. पण त्याने फिल्मचं तोंड आरशाकडे वळतं आणि दाराकडे पाठ होते. आजाराने गेलेले केस कुणी ठरवून काढलेले नसतात. रशमध्ये मुली गाळल्या जातात त्या मात्र कुणीतरी बसून, यादी करून.

मग दार कोण राखतं? 11 जून 1963 रोजी अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याच विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आत येऊ द्यायचं नव्हतं म्हणून. त्या दिवशी तो हरला. त्यानंतर 50 वर्षांनी, सप्टेंबर 2013मध्ये, 'द क्रिम्झन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने बातमी छापली. उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला गोऱ्यांच्या एकाही सोरॉरिटीने घेतलं नव्हतं. आतल्या मुलींनी स्वतः पुढे येऊन सांगितलं की आम्हाला ती हवी होती, माजी सदस्य बायका आडव्या आल्या. बातमीनंतर विद्यापीठाला प्रवेश पुन्हा खुले करावे लागले.

ही बातमी मला फिल्ममधल्या सगळ्या अश्रूंपेक्षा जास्त सांगते. नकार त्या मुलीत काही कमी होतं म्हणून आला नव्हता. तो तिने कधी न पाहिलेल्या बायकांकडून आला होता. फिल्म वर्णभेदाला आणि 'मशीन' नावाच्या, कॅम्पसचं राजकारण चालवणाऱ्या गुप्त आघाडीला स्पर्श करते, पण पटकन पुन्हा मुलींच्या मनात शिरते.

न्याय म्हणून एक सांगायला हवं. सोरॉरिट्यांनी कॅमेऱ्याला आत घेतलंच नाही. चित्रीकरणाच्या काळात अफवा उठली की मुलींच्या अंगावर माइक लपवलेत, आणि सगळे घाबरले. पण ही भीतीच तर पुरावा होती. निवड सरळ असेल, तर ती कुणी ऐकेल याची एवढी धास्ती कशाला? रशमध्ये काय बोलू नये तेही मुलींना आधीच शिकवलेलं असतं : मुलगे, दारू, धर्म, पैसा, राजकारण. इंग्रजीत हे पाचही शब्द 'बी'ने सुरू होतात, म्हणून लक्षात राहतात. पैशाबद्दल बोलायचं नाही, आणि वर्षाची वर्गणी हजारो डॉलर.

गंमत म्हणजे रशवर अर्थशास्त्रज्ञांनीही लिहिलंय. अल्विन रॉथ आणि सुझन माँगेल यांनी 1991मध्ये दोन्ही बाजूंच्या पसंतीयाद्या जुळवायची ही पद्धत तपासली. रॉथना पुढे 2012मध्ये नोबेल मिळालं. त्यांना दिसलं की बऱ्याच मुली शेवटच्या यादीत एकच नाव लिहितात. मिळालं तर तेच, नाहीतर काहीच नको. फिल्मच्या नजरेला हा हट्ट वाटेल. मला त्यात नियम ओळखून खेळणाऱ्या मुली दिसतात. त्यांना बिचाऱ्या ठरवणं हा त्यांचा अपमान आहे.

आणि आत जायची ओढ वाईट असते असंही नाही. 1870च्या दशकात या संघटना उभ्या राहिल्या, तेव्हा विद्यापीठात मुली मोजक्या होत्या आणि नकोशाही. त्यांना एकमेकींचा आधार हवा होता. 1908मध्ये हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी अल्फा कप्पा अल्फा काढली. कमला हॅरिस तिच्याच सदस्य. 1998मध्ये दक्षिण आशियाई मुलींनी डेल्टा फाय ओमेगा सुरू केली. आज अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलीलाही तिथे जागा आहे. दार बंद मिळालं म्हणून यांनी स्वतःचं घर बांधलं. अर्थात घर आलं की दारही आलं, आणि ते कुणासाठी उघडायचं हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

'बामा रश' जरूर बघा. मुली त्यात मोकळेपणाने बोलतात, आणि तेवढ्यासाठी तो बघण्यासारखा आहे. फक्त बघताना एक लक्षात ठेवा : निवडणाऱ्या मुली त्यात जवळजवळ नाहीतच. पुढच्या वर्षी कॉलेजच्या नाटकाच्या, फेस्टिव्हलच्या टीममध्ये नव्या मुलामुलींना घ्यायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा 'नंतर कळवतो' म्हणणारे तुम्ही असाल. नाकारलेल्याला कारण सांगता येईल का, एवढं त्याआधी स्वतःला विचारा.